टेक, मेक, डू, गिव्ह: कुठल्या नामाला कुठलं क्रियापद?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. मी कराडजवळच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. मुलांचे काळ सुधारतात, स्पेलिंग घोटून घेता येतं, कर्ता-कर्मही जागेवर बसतं. गाडी अडते ती एकाच ठिकाणी: नाम बरोबर आणि क्रियापद भलतंच. 'डू अ मिस्टेक', 'मेक होमवर्क', 'गिव्ह अटेन्शन', 'रिमूव्ह अ फोटो'. यातलं काहीही निष्काळजीपणातून येत नाही. चूक करतो, अभ्यास करतो, लक्ष देतो, फोटो काढतो, असा सरळ हिशेब असतो त्यामागे. म्हणून लाल पेनने नुसती फुली मारायला हात धजत नाही.

सगळ्यात जास्त छळतं ते 'टेक'. पाचवी-सहावीत आपण सांगतो, टेक म्हणजे घेणे. मग पुस्तकात येतं टेक अ बस, टेक अ वॉक, टेक अ फोटो, टेक ॲन एक्झाम, टेक टाइम, टेक प्लेस. मराठीत आपण बस पकडतो, फेरफटका मारतो, फोटो काढतो, परीक्षा देतो. वेळ लागतो आणि कार्यक्रम पार पडतो. सहा ठिकाणी सहा क्रियापदं आणि 'घेणे' एकातही नाही! नववीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, मग टेकचा खरा अर्थ कुठला?"

तुम्ही हे कसं शिकलात? शिकवत असाल तर कसं शिकवता? नियम सांगावा, याद्या पाठ करून घ्याव्यात, की भरपूर वाचायला देऊन वाट बघावी?

मध्यमवर्गी

वाचनखूण साठवली. पॉपकॉर्न घेऊन बसतो. इथे तरी 'घेऊन' चालतं ना बाई?

फिरस्ता

परीक्षेचा मुद्दा अगदी जिव्हाळ्याचा. मी अमेरिकेत विद्यापीठात काम करतो. दर ऑगस्टमध्ये भारतातून नवी मुलं येतात आणि पहिल्याच भेटीत प्राध्यापकांना सांगतात, 'आय गेव्ह मेनी एक्झाम्स लास्ट यीअर.' समोरचा कौतुकाने विचारतो, "अरे वा, कुठला विषय शिकवत होतास?" कारण इथे 'गिव्ह' शिक्षक करतो आणि 'टेक' विद्यार्थी. आपल्या नेमकं उलट. आपल्याकडे गुरुजी परीक्षा घेतात आणि आपण देतो.

क्लासचंही तेच. पुण्यात कुणी म्हणालं 'आय टेक क्लासेस', तर तो शिकवणारा. इथे म्हणालं, तर तो बाकावर बसणारा. बायोडेटात हे वाक्य असेल तर अर्थ शंभर टक्के फिरतो, म्हणून मी मुलांना सरळ 'टीच' आणि 'अटेंड' लिहायला सांगतो.

विलायती_चहा

फिरस्ता, अमेरिकेपुरतं बरोबर. मी इंग्लंडमध्ये नर्स आहे. इथे परीक्षेला 'सिट ॲन एक्झाम' खूप ऐकू येतं, 'टेक'ही चालतं. आणि शिक्षिका 'टेक्स अ क्लास' म्हणजे वर्ग घेते, हे इथे सर्रास म्हणतात. आपल्याकडचं 'क्लास घेणे' मराठीतून आलंय तसंच ब्रिटिशांकडूनही आलं असणार, ते उगाच खोडू नका.

आंघोळीचंही दोन तऱ्हेचं आहे. इथे लोक 'हॅव अ बाथ', 'हॅव अ शॉवर', 'हॅव अ लुक' म्हणतात, अमेरिकन माणूस या तिन्हीला 'टेक' लावतो. निर्णयाला अमेरिकेत 'मेक', इथे 'मेक' आणि 'टेक' दोन्ही. म्हणजे शाळेत 'टेक अ डिसिजन'वर फुली मारत असाल तर कृपया थांबा. ते चूक नाही.

रोखठोक

मी जरा वेगळं बोलतो. 'गिव्ह ॲन एक्झाम'ला चूक का म्हणायचं? हिंदीत परीक्षा देतात, गुजरातीत देतात, बंगालीत देतात. कोट्यवधी माणसं रोज हे वाक्य बोलतात आणि एकमेकांना शंभर टक्के समजतं. ब्रिटनचं इंग्रजी वेगळं, अमेरिकेचं वेगळं, आणि आमचं वेगळं झालं की लगेच ते 'अशुद्ध'? अमेरिकन 'टेक अ शॉवर' म्हणाला म्हणून कुणी लंडनवाल्याने लाल पेन काढलं होतं का?

मराठी माध्यमाच्या पोरांना आधीच इंग्रजीची धास्ती असते. त्यात हे असलं सोवळं-ओवळं. बोलू द्या त्यांना.

शब्दवेध

रोखठोक, तुमच्या रागाशी सहमत, निष्कर्षाशी नाही. कर्जतच्या माणसाशी बोलताना 'गिव्ह' म्हटलं तर काहीच बिघडत नाही. पण फिरस्ता सांगतात तिथे अर्थच उलटतो, आणि त्याचा तोटा मुलाला होतो, समोरच्याला नाही. मुलाला दोन्ही माहीत असावं: घरचं आणि बाहेरचं. एक खोडून दुसरं लिहायचं नाही, शेजारी लिहायचं.

'डू अ मिस्टेक' मात्र वेगळ्या जातीचं आहे. ते भारतातलं रुळलेलं इंग्रजी नाही, ते शिकाऊ वाक्य आहे, आणि ते सुधारलंच पाहिजे. सगळ्या फुल्या एका मापाने मोजू नका.

रोखठोक

ठीक. शेजारी लिहिण्याला माझी हरकत नाही.

पाटीपेन्सिल

'शेजारी लिहायचं' हे फार आवडलं, शब्दवेध. उद्यापासून फुलीऐवजी हेच. पण मूळ प्रश्न राहतोच: 'टेक'ला एखादा धागादोरा आहे का, की नुसता घोळ आहे?

गणिती

नियम आहे आणि सोपा आहे. काहीतरी माझ्याकडे येतं तेव्हा 'टेक'. गोळी माझ्या पोटात येते, फोटो माझ्या कॅमेऱ्यात येतो, सल्ला माझ्याकडे येतो. काहीतरी नवीन तयार होतं तेव्हा 'मेक': केक, आवाज, चूक, निर्णय. काम उरकतो तेव्हा 'डू': होमवर्क, भांडी, कपडे. तीन खण करा, सगळं बसतं.

चकली

गणिती, मग 'मेक द बेड' कुठल्या खणात? रोज सकाळी नवीन पलंग तयार होतो का? आणि 'डू डॅमेज'? नुकसान तर चांगलंच नवीन तयार होतं.

बोरकूट

आणि 'टेक अ वॉक' मध्ये माझ्याकडे काय येतं? धाप?

शब्दवेध

गणितींचे खण अगदीच टाकाऊ नाहीत. सुरुवातीच्या पन्नास-साठ नामांना ते पुरतात. पण बोरकूट यांनी बरोबर नस पकडली. 'टेक अ वॉक'मधल्या 'टेक'मध्ये घेण्याचा अर्थ जवळपास उरलेलाच नाही. सगळा अर्थ 'वॉक' या नामात आहे, क्रियापद नुसतं वाक्य उभं करायला आलंय. डेन्मार्कचे व्याकरणकार ओटो येस्पर्सन यांनी १९४२ मध्ये अशा क्रियापदांना 'लाइट व्हर्ब' म्हणजे हलकी क्रियापदं म्हटलं. टेक, मेक, हॅव, गिव्ह, डू ही त्यातली बिनीची मंडळी.

पण हलकी म्हणजे फुकट नव्हे. 'वॉक' आणि 'टेक अ वॉक' एक नाहीत. नुसतं 'वॉक' म्हणजे चालणं, किती आणि कुठवर ते सांगितलेलं नाही. 'टेक अ वॉक' म्हणजे सुरू होऊन संपलेलं, एक असं मोजता येणारं चालणं, आणि तेही स्वतःच्या मनासाठी. आपण ऑफिसला 'वॉक' करतो, जेवणानंतर 'टेक अ वॉक'. मराठीत हेच काम 'चालणे' आणि 'फेरफटका मारणे' करतात.

यातही गंमत अशी की 'हॅव अ ड्रिंक' म्हणता येतं आणि 'हॅव अ ईट' म्हणता येत नाही. 'हॅव अ स्विम' चालतं, 'हॅव अ वर्क' चालत नाही. पोलंडमध्ये जन्मलेल्या आणि ऑस्ट्रेलियात काम केलेल्या भाषाशास्त्रज्ञ आन्ना व्हेझ्बिट्स्का यांनी १९८२ मध्ये नेमक्या याच प्रश्नावर मोठा लेख लिहिला होता. म्हणजे नववीतल्या त्या मुलीचा प्रश्न बाळबोध नाही. तिला सांगा.

पाटीपेन्सिल

सांगते! नक्की सांगते.

संत्रानगरी

अरे राजेहो, इंग्रजीच्या 'टेक'ले काय नावं ठेवता, आपला 'मारणे' बघा ना! गप्पा मारतो, मिठी मारतो, हाक मारतो, उडी मारतो, चक्कर मारतो, दांडी मारतो, झाडू मारतो, शिक्का मारतो, टोमणा मारतो, डुबकी मारतो, रंग मारतो, गाठ मारतो. यातल्या एकातही कोणाले मार बसत नाही. (टोमण्यात थोडासा.) बाहेरून आलेल्या माणसाले 'त्याने मला मिठी मारली' ऐकून पोलिसाले बोलवावं वाटेल.

चकली

हाहा, संत्रानगरी! आमच्या शेजारी तमिळ कुटुंब आहे, मावशी मराठी शिकताहेत. 'मारणे'ची यादी त्यांनी फ्रिजवर चिकटवली आहे. त्यांचा सगळ्यात मोठा शत्रू मात्र 'लावणे'. दिवा लावा म्हणजे चालू करा आणि दार लावा म्हणजे बंद करा, हे एकाच शब्दाने कसं, असं त्या विचारतात. शिवाय फोन लावणे, कुकर लावणे, झाड लावणे, मलम लावणे, गजर लावणे, शिस्त लावणे, लळा लावणे, वडिलांचं नाव लावणे. मी तरी काय उत्तर देणार? मला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

कोयनाकाठ

चकलीताई, हेच उत्तर आहे की बाईंच्या प्रश्नाचं! आपल्याला 'लावणे'चा प्रश्न पडला नाही, कारण आपण 'लावणे' कधी एकटं शिकलोच नाही. 'दिवा लाव' हे अख्खं कानावर पडलं, 'दार लाव' हेही अख्खं पडलं. इंग्रजीत मात्र आपण आधी 'टेक = घेणे' पाठ करतो आणि मग जन्मभर त्यातून बाहेर पडायची धडपड करतो.

माझं शिक्षण सातारा जिल्ह्यातल्या गावात. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, पहिलीपासूनचं २००० साली आलं. आमचे गुरुजी शब्दार्थ द्यायचे नाहीत. फळ्याच्या मधोमध एक नाम लिहायचे, त्याभोवती गोल काढायचे, आणि ते नाम कुणाकुणाबरोबर येतं ते बाणांनी लिहायला लावायचे. 'एक्झाम' लिहिलं की पोरं एकेक बाण जोडायची: सेट द पेपर, सिट फॉर, टेक, पास, फेल, कॉपी ला 'चीट इन'. एका तासाला एकच नाम. मला आजही इंग्रजी लिहिताना आधी नाम आठवतं आणि मग ते आपलं क्रियापद घेऊन येतं.

शब्दवेध

कोयनाकाठ, तुमच्या गुरुजींना दंडवत. त्यांनी फळ्यावर जे केलं, त्याचा मोठा इतिहास आहे, आणि तो परक्या भाषेच्या वर्गातच सुरू झाला.

हॅरल्ड पामर नावाचे इंग्रज शिक्षक १९२२ मध्ये जपानला गेले. जपानी मुलांची अडचण हीच होती: शब्द येतात, व्याकरण येतं, पण कुठल्या शब्दाशेजारी कुठला बसतो ते येत नाही. पामरनी १९३३ मध्ये टोकियोतून अशा ठरलेल्या शब्दजोड्यांचा भलामोठा अहवाल काढला. त्यांच्यासोबत काम करणारे ए. एस. हॉर्नबी यांनी तिथेच शिकणाऱ्यांसाठी शब्दकोश तयार केला. तो १९४२ मध्ये जपानमध्ये छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढला. आपल्याकडच्या हजारो घरांत असलेली, विद्यार्थ्यांसाठीची ती जाड ऑक्सफर्ड डिक्शनरी म्हणजे त्याचीच पुढची आवृत्ती. तिच्यात प्रत्येक शब्दाखाली वाक्यं का असतात, ते आता कळेल.

दुसरे जे. आर. फर्थ. हे १९२० च्या दशकात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते, पुढे लंडनला गेले. शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून, असं त्यांनी १९५७ मध्ये लिहिलं आणि ते वाक्य भाषाशास्त्रात अजरामर झालं.

मध्यमवर्गी

संगतीवरून ओळखायचं हे आमच्या आजीचंही मत होतं. फक्त ती शब्दांबद्दल बोलत नव्हती.

मांडवीकाठ

गोव्याहून थोडं अवांतर. आमच्या घरच्या जुन्या पिढीला पोर्तुगीज येत असे. पोर्तुगीजमध्ये फोटोला 'तिरार' हे क्रियापद लागतं, म्हणजे बाहेर काढणे, ओढून काढणे. अगदी आपलं 'फोटो काढणे'! कोंकणीतही 'फोटो काडप'. पण आंघोळीला ते 'तोमार' म्हणजे घेणे वापरतात, आणि परीक्षेला 'फाझेर', म्हणजे करणे. तेव्हा पाटीपेन्सिलबाई, तुमच्या मुलाने 'रिमूव्ह अ फोटो' लिहिलं तर ते इंग्रजीत चुकलं एवढंच. विचार अगदी जगात कुणी न केलेला, असं नाही.

मुळामुठा

मांडवीकाठ, मस्त माहिती. मी पुण्यात मॅक्स म्युलर भवनमध्ये जर्मन शिकले. तिथे निर्णयाला 'ट्रेफन' लागतं. या क्रियापदाचा रोजचा अर्थ भेटणे, गाठणे. इंग्रज निर्णय बनवतो, आपण घेतो, जर्मन गाठतो. फोटोला मात्र जर्मनमध्ये 'माखन' म्हणजे करणे. आणि फ्रेंच शिकणारी मैत्रीण सांगते, तिकडे परीक्षेला 'पासे' क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ नुसतं परीक्षेला बसणं. पास झालात की नाही ते वेगळं सांगावं लागतं!

बोरकूट

आमच्या चुलतभावासाठी ही भाषा उत्तम. दरवर्षी 'पासे'.

शब्दवेध

जर्मनवरून आठवलं. जर्मनमध्ये घेणे म्हणजे 'नेमन'. हजार वर्षांपूर्वी इंग्रजीतही त्याच कुळातला 'निमन' होता, 'टेक' नव्हताच! 'टेक' आला तो स्कँडिनेव्हियातून आलेल्या व्हायकिंग लोकांबरोबर. हे लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात वस्ती करून राहिले, शेजारी झाले, सोयरे झाले, आणि त्यांचा 'ताका' इंग्रजांच्या तोंडी बसला. हळूहळू त्याने 'निमन'ला पार हुसकून लावलं. आज त्याची खूण उरली आहे ती 'नंब' या शब्दात. बधिर झालेला हात म्हणजे मुळात 'पकडला गेलेला' हात. 'निंबल' म्हणजे चपळ, तोही त्याच घरातला, झटकन घेणारा.

'गेट'सुद्धा त्याच व्हायकिंगांचा. रोजच्या वापरातली इतकी मूळची क्रियापदं एखाद्या भाषेने बाहेरून उचलावीत हे फार क्वचित घडतं. इंग्रजीवर परकेपणाचा शिक्का मारणाऱ्यांनी आणि तिला देव्हाऱ्यात बसवणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आणखी एक. 'टेक पार्ट' म्हणजे भाग घेणे. लॅटिनमध्येही भाग आणि घेणे यांचीच जोडी होती, त्यातूनच 'पार्टिसिपेट' आला. म्हणजे ही कल्पना भाषांच्या सीमा ओलांडत आली आहे.

विलायती_चहा

आता माझ्या कामातलं सांगते, कारण ते वर्गात उपयोगी पडेल. इथे यायच्या आधी मी नर्स, डॉक्टर अशा लोकांसाठीची ओईटी ही इंग्रजीची परीक्षा दिली (हो, दिली). तिच्या बोलण्याच्या भागात पेशंटशी संवाद साधायचा असतो, आणि तिथे सगळी मदार या जोड्यांवर असते. टेक युअर टेम्परेचर, टेक युअर पल्स, टेक अ ब्लड सँपल, टेक अ हिस्टरी. मराठीत आपण ताप बघतो, नाडी बघतो, रक्त काढतो, आणि पूर्वीचे आजार विचारतो. चारही ठिकाणी इंग्रजी एका 'टेक'वर भागवते.

पण खरी मेख पुढे आहे. मराठीत पेशंट म्हणतो, 'मी एक्सरे काढला', 'मी दात काढला', 'मी केस कापले'. काढणारा तंत्रज्ञ, दंतवैद्य, न्हावी. पण वाक्यात कर्ता आपण, आणि कुणालाही शंका येत नाही. इंग्रजीत 'आय टुक आउट माय टूथ' म्हटलं की समोरचा घाबरतो. त्याला वाटतं पक्कड घेऊन स्वतःच ओढला. तिथे 'आय हॅड माय टूथ आउट', 'आय हॅड ॲन एक्सरे', 'आय हॅड माय हेअर कट'. दुसऱ्याकडून करवून घेतलं की 'हॅव'. एवढी एक गोष्ट नववीच्या मुलांना पक्की करून दिलीत तरी त्यांचं बोलणं दोन पायऱ्या वर जाईल.

पाटीपेन्सिल

विलायती_चहा, केस कापण्याचं उदाहरण मी उद्याच फळ्यावर लिहिणार. मुलांच्या निबंधात 'ऑन संडे आय कट माय हेअर' दर वेळी असतं.

दूरदेशी_आई

उलट बाजूने त्रास आहे आमच्याकडे. कॅनडात वाढणारी दोन मुलं. मराठी बोलतात याचा मला अभिमान आहे, पण मराठीत 'टेक' घुसलाय. 'आई, मी शॉवर घेतला.' 'मी तुझा फोटो घेऊ?' 'आज आपण बस घेऊया.'

बोरकूट

कितीला पडली बस?

दूरदेशी_आई

:) हेच त्यांचे आजोबा व्हिडिओ कॉलवर विचारतात. मग धाकटी हसत सुटते आणि 'पकडूया, पकडूया' ओरडते. तेवढं मात्र आता पक्कं झालंय.

चकली

कॅनडाला कशाला जायचं? इथेच बघा, हिंदीच्या नादाने काय चाललंय. 'चहा बनव', 'पोळ्या बनव', 'मित्र बनव'. अहो, चहा करतात किंवा टाकतात! मराठीत 'बनवणे' म्हणजे एखाद्याला गंडवणे.

इंग्रजी स्वयंपाकघरात सगळ्याला 'मेक' पुरतं. आपल्याकडे भात लावतात, पोळ्या लाटतात, चटणी वाटतात, लोणचं घालतात, दही विरजतात, ताक घुसळतात, मसाला कुटतात, सांडगे घालतात. प्रत्येक क्रियापदात हात काय हालचाल करतो ते दिसतं. हे सोडून 'बनवणे' धरलं तर आपण किती गमावतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

रोखठोक

चकलीताईंना शंभर वेळा अनुमोदन.

गणिती

'बनवणे' बऱ्याच जुन्या मराठीतही आहे हो. हिंदीवर सगळं ढकलू नका.

चकली

गणिती, शब्द असेल. पण आमच्या आईने कधी पोळ्या 'बनवल्या' नाहीत.

संपादक

धागा इंग्रजी क्रियापदांचा आहे. 'चहा करणे की बनवणे' यावर आधीचे दोन धागे आहेत, तिथे चर्चा चालू ठेवावी.

गुगली

उशिरा येतोय. मी शाळेत खेळाचा शिक्षक आहे, इंग्रजीचा नाही, पण पाटीपेन्सिलबाईंना एक युक्ती सुचवतो. क्रिकेट घ्या. पोरांना या जोड्या आधीच पाठ आहेत, फक्त त्यांना ते ठाऊक नाही.

टेक अ विकेट, टेक अ कॅच, टेक अ सिंगल, टेक गार्ड, टेक अ रिव्ह्यू. हिट अ फोर. बोल ॲन ओव्हर. ड्रॉप अ कॅच. विन द टॉस. यातलं एकही वाक्य पोरगं चुकत नाही. कुणी 'डू अ कॅच' म्हणताना ऐकलंय? कुणी 'मेक अ विकेट'? आठवीतला सर्वांत कच्चा मुलगासुद्धा कॉमेंट्री ऐकून ऐकून बरोबर बोलतो. त्याला कुणी नियम सांगितला नाही, यादी दिली नाही.

आणि मराठी शेजारी ठेवा. विकेट घेतो, झेल घेतो, पण धाव काढतो, चौकार मारतो, षटक टाकतो, झेल सोडतो, शतक ठोकतो. बाळ ज. पंडितांनी रेडिओवर मराठीत समालोचन सुरू केलं तेव्हापासून हे शब्द घरोघर रुजले. इंग्रजीचं जसं ठरलेलं, तसं आपलंही ठरलेलं. मुलाला एकदा हे दिसलं की 'टेकचा खरा अर्थ कुठला' हा प्रश्नच पडणार नाही. विकेटशेजारी त्याचा एक अर्थ, बसशेजारी दुसरा.

कोयनाकाठ

गुगली, टोपी उतरवली. (इथे 'काढली' म्हणायचं का? दोन्ही चालेल.)

परीक्षार्थी

परदेशी जाण्यासाठी द्यावी लागणाऱ्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांसाठी भर घालतो. त्यात शब्दसंपदेचे वेगळे गुण असतात आणि परीक्षक शब्दांच्या नैसर्गिक जोड्या येतात का तेही बघतात. मोठमोठे शब्द घुसडून उपयोग होत नाही. 'पे अटेन्शन', 'मीट अ डेडलाइन', 'रेज अ क्वेश्चन', 'रन अ बिझनेस' असे साधे शब्द अचूक जोडीने आले तर लिहिणारा मुरलेला वाटतो. मी कोयनाकाठ यांच्यासारखीच नामवार वही केली होती. एका पानावर एक नाम. 'डिसिजन'च्या पानावर मेक, टेक, रीच, पोस्टपोन, रिव्हर्स, रिग्रेट. क्रियापदवार वही करून बघितली तर 'टेक'चं पान कधी संपलंच नसतं.

शब्दवेध

संपत नाहीच ते. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात १९८९ च्या आवृत्तीत 'सेट' हे क्रियापद सर्वांत लांब होतं, चारशेहून अधिक अर्थछटा. नव्या सुधारित आवृत्तीत 'रन'ने त्याला मागे टाकलं, सहाशेहून अधिक. दुकान रन करतात, ताप रन होतो, नळ रन होतो, बातमी रन करतात, निवडणुकीला रन करतात. क्रियापदाच्या बाजूने शिरलात तर हे सहाशे अर्थ अंगावर येतात. नामाच्या बाजूने आलात तर एका वेळी एकच.

पाटीपेन्सिल

मंडळी, धागा वर काढतेय. मधे सहामाही होती, ती घेण्यात आणि तपासण्यात वेळ गेला.

क्रिकेटचा तास केला. फळ्याचे दोन भाग, डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी, मधे नामं: विकेट, झेल, धाव, चौकार, षटक, नाणेफेक. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी मुलं उठून फळ्याकडे आली. मग मी नामं बदलली: फोटो, बस, परीक्षा, चूक, आंघोळ. आता त्यांना कळलं होतं की आधी नामाला विचारायचं. 'टेक' म्हणजे काय, हे त्या तासाला कुणीही विचारलं नाही.

सगळंच जमलं असं नाही. होमवर्कला 'मेक' अजून येतोच, आणि 'पे अटेन्शन' मुलांना पटत नाही. लक्ष द्यायला पैसे कशाला, म्हणतात. पण सहामाहीच्या निबंधात तीन-चार जणांनी 'हॅड माय हेअर कट' बरोबर लिहिलं, आणि एकीने समासात शेजारी मराठीत 'केस कापले' असंही लिहून ठेवलं होतं. मी तिथे बरोबरची खूण केली.

म्हणून माझ्यापुरतं ठरलं: आठवीला गणितींचे तीन खण सुरुवातीला, नंतर नामवार वही, आणि वाचन तर चालूच. याद्या पाठ करून घेणार नाही.

एक शंका राहिली. वर्गात मुलांचं भांडण झालं की शतकाला इंग्रजीत 'स्कोअर' की 'मेक' की 'हिट'? गुगली सर, सांगाल का?

गुगली

तिन्ही चालतात, बाई. स्कोअर सगळ्यात जास्त ऐकाल, मेक जुन्या पठडीतलं, हिट जरा जोरकस. 'टेक अ सेंच्युरी' मात्र कधीच नाही. आणि गोलंदाजाने पाच विकेट घेतल्या की 'टेक अ फाइव्ह-फॉर'. पुढच्या तासाला कबड्डी आणि खो-खोची यादी देतो. ती आधी मराठीत आहे, इंग्रजी आपल्याला शोधावी लागेल.

संत्रानगरी

कबड्डीत रेड टाकतात, मारतात का करतात, ते आधी ठरवा राजेहो. आमच्याकडे टाकतात.